पार्टनरनं विचार केला

नाना, परवा दुपारी क्लबचे सेक्रेटरी घरी येऊन गेले. तुमच्या वेळी ते नवे होते, काळ्याभोर मिशांचे, आणि तुम्ही त्यांना 'अजून कच्चं मडकं आहे' म्हणायचात. आता ते काठी टेकत चालतात आणि मला बेटा म्हणतात. त्यांच्याबरोबर कमिटीतला एक मुलगा होता, पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमधला. दोघांनी मिठाईचा डबा आणला होता. क्लबातर्फे दरवर्षी जोड्यांची डुप्लिकेट ब्रिजची स्पर्धा घ्यायची आणि तिच्या चषकाला तुमचं नाव द्यायचं, असं ठरवून ते आले होते. घरच्यांची परवानगी हवी म्हणून विचारायला आले. घरचे म्हणजे मी. आता दुसरं कुणी उरलेलं नाही. तुम्ही जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी तुमची आठवण काढायला क्लबाला कारण सापडलं ते तीच जुनी गोष्ट. सेक्रेटरींनी ती मला, मलाच, पुन्हा पहिल्यापासून सांगितली. "जीता हुआ कप छोड़ दिए उनो, बेटा, मगर उसूल नै छोड़े. ऐसा आदमी अब कां मिलता?" तो मुलगा म्हणाला, "मॅडम, स्टोरी एकदम इन्स्पायरिंग आहे. बक्षीस समारंभाला तुम्ही दोनच मिनिटं सांगितलीत ना, तर नवीन मेंबर्सना एक व्हॅल्यू सिस्टीम मिळेल." मी आत चहा करायला गेले, कारण बाहेर बसले असते तर त्या मिठाईच्या डब्याचं काय केलं असतं सांगता येत नाही.

ती गोष्ट क्लबात अशी सांगतात. फायनलचा दिवस. तुम्ही आणि तुमचा पार्टनर सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या काही डावांतल्या एका डावाला समोरच्यांनी चार इस्पिकांची बोली केली. तुमच्या पार्टनरची पाळी आली. पार्टनर बराच वेळ थांबला, मग 'पास' म्हणाला. आता ब्रिजमध्ये बोलायला फक्त बोलीच असते. चेहरा, आवाज, सुस्कारा, थांबणं यातून पार्टनरला काही कळलं तरी त्यानं ते वापरायचं नसतं. थांबणं म्हणजे हातात काहीतरी आहे, हे शेंबडं पोरही ओळखतं. तुम्हाला पाच बदाम बोलायचं होतं. पण पार्टनरच्या थांबण्यामुळे बोललो असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्हीही पास म्हणालात. डुप्लिकेटमध्ये सगळ्यांना तेच पत्ते खेळायला मिळतात; बाकीच्या टेबलांवर त्याच पत्त्यांवर लोक पाच बदाम बोलले आणि ते हात आरामात झाले. एका डावानं तुमचा चषक गेला. चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, अहो, इतका हात असून तुम्ही बोलला का नाहीत? तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या पार्टनरनं विचार केला. त्यानंतर मला बोलायचा हक्क नव्हता." आणि अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

गोष्टीतला पार्टनर म्हणजे मी. क्लबातल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकसुद्धा नाही. त्या मुलालाही नव्हतं, चहा देताना मी सांगितलं, तर तो म्हणाला, "ओह, सो नाइस!" टाळ्या वाजल्या तेव्हा मी खिडकीशी लुखमीची, त्या चौकोनी समोशांची, बशी हातात धरून उभी आहे. एकोणीस वर्षांची, आईनं नेसवलेली साडी, आणि सगळा हॉल आधी तुमच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. तुमच्याकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते माझ्याकडे वळेपर्यंत बदललं, आणि ते बदलताना मी पाहिलं. तुम्हाला वाटलं असेल की मला कौतुक वाटलं. मी लुखमीची बशी खिडकीत ठेवून दिली. घरी येताना नारायणगुड्याच्या सिग्नलला तुम्ही स्कूटर थांबवलीत आणि मान न वळवता म्हणालात, "आज तू मला आंधळं केलीस." लाल दिवा हिरवा झाला आणि तुम्ही गाडी काढली. मागच्या सीटवर बसून मी एकच म्हणत होते, मोठ्यानं नव्हे, मनात: मी विचार केला. बुद्धीचा खेळ म्हणून जगभर ज्याची कीर्ती, त्या खेळात मी विचार केला, आणि त्याची शिक्षा म्हणून मला गावापुढे उभं केलंत.

आणि आता जे लिहिते ते तुम्ही हयात असताना लिहिण्याची माझी छाती नव्हती. तुमच्या हातात सात बदाम होते, नाना. इस्पिकाचं एकच पान. तो हात मला आजही तोंडपाठ आहे. मी पुढे किती जणांना तो कागदावर मांडून दाखवला, मी थांबल्याचं न सांगता. बहुतेक सगळे डोळे मिटून पाच बदाम बोलले. नियम असं म्हणत नाही की पार्टनर थांबला तर मूग गिळून बसा. नियम म्हणतो, पार्टनरच्या थांबण्याचा फायदा घेऊ नका. ज्या हातावर कुणीही बोललं असतं त्यावर तुम्हीही बोलू शकत होता. नियम तुमच्या आड येत नव्हता. पण बोलला असता तर चषक मिळाला असता, आणि चषक तर कुणालाही मिळतो. न बोलल्यानं जे मिळालं ते तुम्हाला जास्त गोड लागलं. नाकानं कांदे सोलायची हौस तुम्हाला पहिल्यापासून होती. त्या दिवशी त्यासाठी माझा उपयोग झाला, एवढंच.

मुळात मला या खेळात कुणी ओढलं? तुमचा आधीचा पार्टनर तुमच्याच ऑफिसातला, सिकंदराबादच्या रेल्वेतला. त्याची बदली झाली तेव्हा तुम्ही आधी आईला धरलंत. आईनं दोन संध्याकाळी पत्ते हातात घेतले आणि तिसऱ्या संध्याकाळी ते ओट्यावर ठेवून म्हणाली, "माझ्याच्यानं होत नाही ते. कुकर लावायचाय मला." मग माझ्यावर आलात. मी कोठीला कॉलेजात जात होते, गणितात बरी होते, आणि तुम्ही माझ्याशी रोज संध्याकाळी बोलणार याचंच मला अप्रूप होतं, हे कबूल करते. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तुम्ही तेरा पत्ते वाटायचात आणि बोली विचारायचात. आणि टेबलावर बोटानं टकटक करायचात. तिसऱ्या टकटकीला उत्तर आलं पाहिजे. सोपा हात असो, अवघड असो, उत्तर त्याच वेळेला. आधी आलं तरी चूक, नंतर आलं तरी चूक. "तुझ्या थांबण्यातून मला काही कळता कामा नये. कळलं की मला ते वापरता येत नाही." मला हे पटलं होतं. खेळापुरतं ते अजूनही पटतं. पण तुम्ही खेळापुरतं कधी काय ठेवलंत? भाजी कशी झालीय, टकटक. मैत्रिणीकडे जायचंय का, टकटक. मी थांबले की तुमची भुवई वर. "थांबलीस म्हणजे काहीतरी लपवायलीस." आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरगी बोलायली का घड्याळ वाजायलंय, काही कळंना झालंय मला! तिला श्वास तर घेऊ द्या की." तुम्ही हसायचात. तुम्हाला ते कौतुकच वाटायचं.

डुप्लिकेटमधली दुसरी गोष्टही तुम्ही अशीच घरात आणलीत. साध्या पत्त्यांत माणूस नशिबाला दोष देऊ शकतो. इथे ती सोय नाही. वाटलेले पत्ते कप्प्याच्या बोर्डात तसेच ठेवतात आणि तो बोर्ड टेबलाटेबलावर फिरतो. तेच पत्ते सगळ्यांना खेळायला मिळतात, आणि शेवटी कुणी त्या पत्त्यांचं काय केलं तेवढंच बघतात. तुम्हाला हे इतकं आवडलं की आमच्या घरात कुणाला कसलीच सबब उरली नाही. माझ्या चुलत बहिणीचे मार्क आले की तुम्ही म्हणायचात, "तेच पत्ते होते. तीच शाळा, तेच मास्तर." आईला म्हणायचात, "माझ्याच हुद्द्यावरच्या माणसाची बायको याच पगारात घर कसं ठेवते बघ." आई एकदाच उलटून म्हणाली होती, "तिला तुमच्यासारखा नवरा नाही ना वाट्याला आला," आणि तुम्ही जेवणावरून उठून गेलात. मी तेव्हा आईवर रागावले होते. आता वाटतं, त्या घरात खेळाचं खरं मर्म तिलाच कळलं होतं.

मग स्थळ आलं. पुण्याचं, घर चांगलं, मुलगा इंजिनीअर, दिसायला बरा. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही, पण त्या डोंगरानं आमच्या दिवाणखान्यात बसून आईनं केलेल्या खारकांच्या पोळ्यांना नाक मुरडलं तेव्हाच तो जवळून कसा असेल ते मला दिसलं होतं. एकही प्रश्न त्यानं मला विचारला नाही. विचारलं ते त्याच्या आईनं, आणि तेही तुम्हाला. पाहुणे गेले. आई भांडी आत नेत होती. तुम्ही जेवणाच्या टेबलाशी बसला होता, त्याच खुर्चीत, आणि म्हणालात, "पसंत आहे ना?" तुमचं बोट टेबलावर वाजलं की नाही ते मला आज आठवत नाही. वाजलं नसेलही. लागतच नव्हतं. मला एक रात्र हवी होती, निदान आईशी बोलण्याइतका वेळ. आणि माझ्या तोंडून बरोबर वेळेवर, सपाट आवाजात, 'हो' गेलं. आई हातात कपबशा घेऊन दारात थबकली आणि माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही पुण्याला फोन लावायला उठलात.

त्या घरातल्या सहा वर्षांबद्दल मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं नाही आणि आता मेलेल्या माणसाला सांगून काय उपयोग. त्यानं हात उगारला नाही. तो माझ्याशी बोलतच नसे. त्याची आई बोले, आणि त्याच्या वतीनं बोले. मी काय खाल्लं, किती खाल्लं, कुणाला पत्र लिहिलं, सगळ्याचा हिशेब तिच्याकडे. मूल झालं नाही, त्याचंही खापर माझ्यावरच. एका सकाळी मी बॅग भरली आणि हैदराबादची गाडी पकडली. हिमायतनगरच्या या घराचं दार तुम्ही उघडलंत. आत घेतलंत, हे नाकारत नाही. आईनं मला जवळ घेतलं, चहा केला. तुम्ही समोर बसून ऐकत होता. मी थोडंफार बोलले. मग तुम्ही डावानंतर बसायचात तसे हाताची घडी घालून मागे टेकलात आणि म्हणालात, "मी विचारलो होतो ना तुला. तू थांबली नाहीस. थांबली असतीस तर मला कळलं असतं."

नाना, हे वाक्य मी इतक्या वेळा मनात उलटसुलट केलंय की आता ते झिजून गुळगुळीत व्हायला हवं होतं. झालं नाही. तुम्ही ते रागानं म्हणाला नव्हतात, म्हणूनच जास्त लागलं. तुम्हाला खरोखर कोडं पडलं होतं. चूक कुठे झाली ते तुम्ही शोधत होता आणि ती तुम्हाला माझ्या हातात सापडली. ज्या पोरीचं थांबणं तुम्ही रोज संध्याकाळी वर्तमानपत्रावर बसवून मारलंत, तिच्याकडेच तुम्ही थांबण्याची खूण मागत होता! आईनं भांडं आपटलं ओट्यावर. "तुम्हीच शिकवलात ना तिला!" ती म्हणाली. "आता कुणाला बोलायलात?" आणि तुम्ही, एवढे हुशार, क्लबातल्या कुणाच्याही चेहऱ्यावरून राजा कुणाकडे आहे ते ओळखणारे, तुम्ही तिच्याकडे नुसते पाहत राहिलात. तिचं म्हणणं तुमच्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवसापासून तुमच्याबद्दल माझ्या मनात जे आहे त्याला राग हा शब्द फार सौम्य आहे.

दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही मला पुन्हा क्लबात नेलंत. 'मन रमेल' म्हणालात. रमलं, हेच तर वाईट. शाळेत नोकरी मिळाली, दिवसा पोरांना गणित शिकवायचं आणि शनिवारी तुमच्यासमोर बसायचं. आपण पुष्कळ जिंकलो. मी पुन्हा कधी थांबले नाही, आणि लोक म्हणायचे, बापलेकीची जोडी म्हणजे घड्याळ आहे घड्याळ. तुम्ही गेलात त्यानंतर वर्षभर मी पत्त्यांना हात लावला नाही. मग नारायणगुड्याची एक तेलुगू बाई भेटली, तिचा नवरा खेळ सोडून बसला होता, ती माझी पार्टनर झाली. तिचा खेळ तुम्ही बघितला असता तर उठून गेला असता. ती पत्त्यांशी बोलते, गुणगुणते, बोलीची पाळी आली की मोठ्यानं म्हणते, "उंडवे, आलोचिस्तुन्ना," थांब गं, मी विचार करतेय. आता बोली तोंडानं करत नाहीत, डब्यातली कार्डं ठेवतात, तरी ती थांबते तेव्हा सगळ्या हॉलला कळतं. खेळावर देखरेख करणारे डायरेक्टर कितीदा तिला समज देतात. आम्ही फारशा जिंकत नाही. पहिल्या वर्षी ती थांबली की माझ्या अंगावर काटा यायचा. आता मी पाणी पिते आणि वाट बघते.

तर परवाचं. चहा दिला, मिठाई फोडली, आणि सेक्रेटरींनी काठीवर दोन्ही हात ठेवून विचारलं, "बस तुम हां बोल दो, बेटा. बाकी सब हम देख लेते."  पंखा फिरत होता. तो मुलगा आधी माझ्याकडे बघत होता, मग फोनकडे. मी कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. खाली रस्त्यावर कुणीतरी दोन हॉर्न दिले आणि गेलं. सेक्रेटरींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तेही जुने खेळाडू आहेत, इतकं थांबणं म्हणजे काय ते त्यांना कळायला लागलं. "क्या हुआ बेटा, इतना क्या सोचरे?" ते म्हणाले. मी आणखी एक घोट घेतला. कप रिकामा केला. आणि मग म्हणाले, "नक्को, चाचा. नाव देऊ नका." मुलगा म्हणाला, "पण मॅडम, का?" सेक्रेटरींनी त्याच्या हातावर हात ठेवला. ते त्या फायनलला माझ्या उजव्या हाताला बसले होते. मी किती वेळ थांबले ते सगळ्यांत जवळून त्यांनीच पाहिलं होतं. ते उठले, दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न विचारता जिना उतरले. चषकाला आता दुसऱ्या कुणाचं तरी नाव देतील. क्लबात माझ्याबद्दल बोलतील, बापाच्या नावाला सुद्धा नाही म्हणाली, अशी कशी मुलगी. बोलू देत.

तुम्ही शिकवलं होतं की टेबलावर सगळ्यांत घाणेरडं काम कुठलं, तर विचार करण्यासारखं काही नसताना उगाच थांबणं, समोरच्याला फसवण्यासाठी. ते करणाऱ्याबरोबर तुम्ही पुन्हा बसत नसायचात. वर मी लिहिलं तसंच लिहून थांबणार होते, म्हणजे तुम्हाला वाटलं असतं की मी तेच केलं: उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि तुमच्या लाडक्या चाचांना ताटकळत ठेवून मी सूड घेतला. वाचून तुम्हाला राग आला असता, आणि मला तो हवा होता. पण हा कागद कुणाकडेच जाणार नाही, तेव्हा इथे खोटं लिहून मिळवायचं काय? चाचांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात आधी 'हो' आलं होतं, नाना. अगदी वेळेवर. तो सगळा चहा ते गिळायला लागला.